मेन स्विचवरचा बटवा

अमरावतीच्या राजापेठेत चंदाला वायरमन म्हणायला लोकांची जीभ वळत नाही, म्हणून त्यांनी आपला सोयीचा मार्ग काढला. ते म्हणतात, बटव्यावाल्या बाई. कोणाचा पंखा जळाला, कोणाच्या कूलरचा स्विच चरचरायला लागला, की नितेशच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात फोन येतो आणि समोरून विचारणा होते, बटव्यावाल्या बाई मोकळ्या आहेत का. दुकान नितेशचं, ट्यूशन क्लासच्या जिन्याखालचं. पण स्कूटीला हत्यारांची पिशवी अडकवून घरोघर जाते ती त्याची बायको चंदा.

नितेश स्वतः जात नाही, कारण त्याचा उजवा हात चौदा वर्षांपूर्वी कामातून गेला. हात जागेवर आहे, पण दोन बोटं नाहीत आणि उरलेल्या तिन्हींत स्क्रू पिळायचा पेचकस धरायची ताकद नाही. करंट लागला होता. स्वतःच्याच घरचा बोर्ड उघडून बसला होता आणि वीज बंद करायला मेन पाडायचाच विसरला, असं तो स्वतः सांगतो. लोकांना एवढं पुरे असतं. वायरमन असून मेन पाडायला विसरला, ही गोष्ट राजापेठेत चहाबरोबर किती वेळा चघळली गेली असेल त्याला हिशोब नाही. अचलपूरला त्याची म्हातारी आई असते. ती रोज दिवेलागणीला दुकानात फोन करते आणि जेवलास का, बरा आहेस का, हे काहीही न विचारता पहिल्यांदा एकच विचारते, "मेन पाडला का रे बापू?" नितेश हसून हो म्हणतो. चंदा त्या वेळी काउंटरच्या या बाजूला असली तर उगाच वायरची बंडलं मोजायला लागते.

तर बटव्याचं असं झालं. हात गेल्यावर नितेश खुर्चीवर बसून सांगायचा आणि चंदा करायची. ती माळ्याची लेक, बापाच्या मळ्यात वांगी तोडून आणि झेंडूचे हार गुंफून तिची बोटं चपळ झालेली. तिसऱ्या वर्षी तिने परीक्षा देऊन परवाना काढला. एकदा ती एका बोर्डात वाकली आणि गळ्यातलं मंगळसूत्र लोंबत लोंबत थेट तारांकडे निघालं. नितेश खुर्चीवरून असा ओरडला की घरमालकीण स्वयंपाकघरातून पळत आली. चंदाने मंगळसूत्र काढलं, आता ठेवायचं कुठे? ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्याचा एक लाल बटवा तिच्या पिशवीत होता, त्यात घातलं आणि बटवा पाडलेल्या मेन स्विचच्या दांडीला बांधून ठेवला. काम संपेपर्यंत त्या घरातलं कोणी मेनच्या वाऱ्याला उभं राहिलं नाही. घरच्या म्हातारीने तर आपल्या नातवाला दोन धपाटे घालून दूर केलं, बाईचं सौभाग्य आहे ते, हात लावशील तर याद राख.

चंदाच्या ध्यानात आलं की हे कुलपापेक्षा भारी आहे. आपल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. मेनवर चिठ्ठी लावा, कोणी वाचत नाही. कुलूप लावा, चावी शोधत बसतील. मे महिन्यात पंखा थांबला की अमरावतीचा माणूस विचार करत नाही, घाम पुसत उठतो, मीटरपाशी जातो आणि खाली पडलेला स्विच वर करून मोकळा होतो. पण दुसऱ्याच्या बायकोचं मंगळसूत्र सोडून स्विच वर करेल असा माणूस अजून वऱ्हाडात जन्मायचा आहे. तेव्हापासून बटवा हीच तिची खूण झाली. काम झालं की ती तो स्वतः सोडते, पण मंगळसूत्र स्वतः घालत नाही. दुकानात येऊन नितेशसमोर पाठ करून बसते आणि तो आपल्या दीड हाताने आकडा लावतो. त्याला त्यात पाच-पाच मिनिटं लागतात. गिऱ्हाईक उभं असलं तर उभं राहतं.

यंदाच्या मे महिन्यात केशवरावांकडून फोन आला. केशवरावांची काळी जमीन तिवशाकडे आणि बिऱ्हाड राजापेठेच्या मागच्या गल्लीत. कूलर लावला की बोर्डातून जळका वास येतो आणि एमसीबीचा खटका पडतो. दुसऱ्या दिवशी मुलीचा, गीतांजलीचा, साखरपुडा. घरात वीस पाहुणे येणार, दोन कूलर जास्तीचे लागणार, तेव्हा आजच्या आज दुपारपर्यंत करून द्या, असा एकूण सूर होता.

हे घर चंदाने बाहेरून पाहिलेलं होतं. एकाच घराला दोन दारं, दोन नंबरपाट्या आणि अंगणातून गेलेली आडवी भिंत. भिंतीच्या पलीकडे थोरले भाऊ खुशालराव. नऊ वर्षांपूर्वी शेतातल्या विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं, वाटण्या झाल्या, भिंत उठली, मीटर वेगळे झाले. तेव्हापासून दोघे भाऊ एका गल्लीतून जाताना मान वळवून जातात. उद्याच्या साखरपुड्याचं आमंत्रण भिंत ओलांडून गेलेलं नव्हतं.

चंदा आत आली की आधी बोर्डाकडे बघत नाही, जमिनीकडे बघते. कूलरचं पाणी झिरपून बोर्डाखालची फरशी ओली झाली होती. तिने फडकं मागून ती कोरडी केली, वर आपली रबरी चटई टाकली, हातांचा घाम टॉवेलला पुसला. इन्व्हर्टर आहे का? नाही. वर सोलर? नाही. मग टेस्टर काढून हॉलच्या चालू सॉकेटमध्ये लावून पाहिला. दिवा लागला, म्हणजे टेस्टर शाबूत. एवढं झाल्यावर बाहेर मीटरपाशी जाऊन तिने मेन पाडला. पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला. केशवराव हाशहुश करत पुठ्ठ्याने वारा घ्यायला लागले.

तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं तशी केशवरावांच्या बायकोच्या, पार्बताबाईंच्या, तोंडचं पाणी पळालं. बटव्याची कीर्ती त्यांनी ऐकली होती, पण उद्या पोरीचा साखरपुडा आणि आज एका सवाष्णीने आपल्या दारात गळा रिकामा करायचा, हे त्यांना बघवेना. आजच्या दिवस राहू दे, असं त्यांनी दोनदा विनवलं. चंदाने त्यांना समजावलं की सोनं गळ्यात ठेवून बोर्डात वाकणं हाच खरा अपशकुन आहे, आणि बटवा दांडीला बांधून वर दोन गाठी मारल्या. ही गाठ मी सोडीन, माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे घरातल्या तिघांनाही ऐकवून झालं.

बोर्डाचं झाकण निघालं आणि आत बघून चंदाने नाक मुरडलं. नवीन एमसीबीचा डबा आहे खरा, पण तो जुन्या लाकडी बोर्डाच्या पोटातच बसवलेला. कूलरच्या लाईनचा स्क्रू ढिला राहून गेलेला, तिथे तार काळी पडलेली आणि लाकूडही कडेने कोळसा झालेलं. दोष सापडला होता. दुसरा कोणी असता तर पक्कड घालून कामाला लागला असता.

चंदा लागली नाही. मेन पाडला तरी ती प्रत्येक तारेला टेस्टर लावते. उजेडात टेस्टरचा दिवा दिसत नाही म्हणून डाव्या तळव्याचा आडोसा करून बघते. एक, दोन, चार, सहा. सगळ्या मेलेल्या. केशवराव मागून कुरकुरत होते, अहो सगळं घर बंद पडलं, आता आणखी काय तपासता. कोपऱ्यात तारांची एक जुनी जोडी होती, कापडी पट्टी गुंडाळलेला जोड, धुळीने माखलेला. तिने त्याच्या टोकाला टेस्टर लावला आणि तळव्याच्या आड दिवा लागला.

तिने हात मागे घेतला. टेस्टर कधी कधी उगाचही मिणमिणतो, म्हणून पिशवीतून वायरी जोडलेला बल्ब काढला आणि लांब दांडीच्या टोकांनी त्या जोडीला लावला. बल्ब लख्ख पेटला. मेन पाडलेल्या, पंखे थांबलेल्या घरात तो पिवळा उजेड पाहून गीतांजली दोन पावलं मागे सरली. त्या जोडावरून तिचं मनगट मघाशीच एका बोटाच्या अंतराने गेलं होतं.

"काकाजी, हे लाईन कोनाची हाय?"

केशवराव म्हणाले, कोणाची असणार, आमचीच. मग मेन पाडल्यावर जिवंत कशी, असं चंदाने विचारलं तसे ते बाहेर जाऊन पाडलेला मेन बघून आले. चंदाने हत्यारं पिशवीत भरायला सुरुवात केली. करंट कुठून येतो ते कळल्याशिवाय या डब्यात ती हात घालणार नव्हती, साखरपुडा असो की लग्न असो.

तेव्हा पार्बताबाई बोलल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, नवऱ्याकडे न बघता. ती देवघराची लाईन होती. वाटणीत देवघर यांच्याकडे आलं, सासूबाईंचे देवही आले. पण देवघराचा दिवा पहिल्यापासून तिकडच्या लाईनवर होता. मीटर वेगळे करायला वायरमन आला त्या दिवशी खुशालरावांच्या बायकोने, आशाबाईंनी, मागच्या दारी येऊन पार्बताबाईंना विनवलं होतं की देव तू ने, पण दिवा तेवढा थोरलीकडे राहू दे. मी थोरली सून आहे. दोघींनी मिळून वायरमनला गप्प बसवलं आणि ती जोडी भिंतीतून तशीच राहू दिली. नऊ वर्षं पार्बताबाई संध्याकाळी देवघराचं बटण दाबत होत्या आणि रीडिंग पलीकडे फिरत होतं. दोघा भावांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

केशवराव खाटेवर बसले. मग एकदम चिडून म्हणाले की ते काही झालं तरी त्या दारात जाणार नाहीत. एका तारेचा तर प्रश्न आहे, तिला टेप गुंडाळा, कोपऱ्यात सारा आणि बाकीचं उरका. चंदा मानेनेच नाही म्हणाली. भिंतीपलीकडचा मेनही पडला पाहिजे आणि काम होईपर्यंत पडलेला राहिला पाहिजे, दुसरा उपाय नाही.

केशवरावांचा तोल गेला. माणूस वाईट नाही, पण उन्हाने आणि अपमानाने कावलेला. म्हणाले, "उगाच भेव घालू नका, चंदाबाई. सारेच काई नितेशसारखे मेन पाडाले इसरत नाईत."

चंदा चटईवर उभी होती. हे वाक्य तिने चौदा वर्षांत शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभर वेळा वायरची बंडलं मोजली होती. या वेळी मोजायला हाताशी काही नव्हतं.

"ते इसरले नोते, काकाजी," ती म्हणाली. "मेन त्यायनं पाडला होता. मी चढवला."

मग तिने सगळंच सांगितलं, आवाज न चढवता. मे महिनाच होता. ती भाजी घेऊन उन्हातून आली. जिन्यात मीटर होतं आणि स्विच खाली पडलेला दिसला. तिला वाटलं, नेहमीसारखा उडाला असेल. पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने स्विच वर केला. आत येऊन विचारणार होती की पंखा लागला का. आत नितेश स्टुलाखाली पडला होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोच पहिल्यांदा बोलला, मेन पाडायचा विसरलो म्हणून. त्यानंतर त्याने ते कधी बदललं नाही आणि तिनेही बदलू दिलं. सासूलासुद्धा तेच ठाऊक आहे. "माह्या नवऱ्याचा हात माह्याच हातानं गेला," चंदा म्हणाली, "मले हे ठाव असून मी कशी तुमच्या भिंतीपलीकडच्या स्विचच्या भरवशावर हात घालू?"

पार्बताबाई डोळे पुसत होत्या. केशवरावांनी पुठ्ठा खाली ठेवला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. चंदा मागोमाग गेली.

खुशालराव दारातच भेटले. केशवराव मान वळवून उभे राहिले, म्हणून काय झालं आहे ते चंदानेच थोडक्यात सांगितलं. देवघराच्या दिव्याचं ऐकून खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. आशाबाई खाली बघत उभ्या राहिल्या. खुशालराव जाऊन आपला मेन पाडून आले. पण चंदाची अडचण तशीच होती. बटवा एकच होता आणि तो भिंतीच्या अलीकडे बांधलेला. या मेनवर कोण लक्ष ठेवणार, असं तिने विचारताच आशाबाईंचा हात आपल्या गळ्याकडे गेला.

"राहू दे," खुशालराव म्हणाले. "मी बसतो."

त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, स्विचला पाठ लावून बसले आणि हातांची घडी घातली. केशवराव फाटकापाशी उभे राहिले. ना आत आले, ना परत गेले.

चंदाने अलीकडे येऊन बल्ब पुन्हा त्या जोडीला लावला. लागला नाही. आपला बल्बच तर उडाला नाही ना, म्हणून शेजारच्या तिसऱ्या घरात जाऊन तिथल्या सॉकेटला लावून पाहिला. तिथे लागला. परत येऊन आणखी एकदा जोडीला लावला आणि मगच पक्कड हातात घेतली. दीड तास गेला. जळकी तार कापली, लाकूड बदललं, कूलरना वेगळी जाड लाईन दिली. एकदा पाणी प्यायला बाहेर आली तर गीतांजली तांब्या घेऊन भिंतीपलीकडे गेलेली दिसली. खुशालरावांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता, पण ते खुर्चीवरून हलले नव्हते. तांब्या त्यांच्याकडून केशवरावांच्या हातात गेला होता.

शेवटी त्या देवघराच्या जोडीचा प्रश्न उरला. ती तोडून इकडच्या मीटरवर घ्यायची का, असं चंदाने विचारलं. केशवराव बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले आणि मग म्हणाले, आहे तिथेच राहू द्या. चंदाने त्यांना स्पष्ट सांगितलं की दोन मीटरच्या तारा ती एका डब्यात ठेवणार नाही आणि लपवून तर मुळीच नाही. तिने ती जोडी बोर्डातून बाहेर काढली, देवघराच्या दाराशी वेगळी डबी बसवली, तिला स्वतःचा स्विच दिला आणि वर मार्करने ठळक लिहिलं: ही लाईन खुशालरावांच्या मीटरवरची आहे. काम करताना दोन्ही मेन पाडा. मग सगळ्यांना बाजूला करून झाकण लावलं, पलीकडे जाऊन खुशालरावांना उठवलं आणि अलीकडे येऊन आपल्या हाताने बटव्याच्या दोन्ही गाठी सोडल्या.

ती दुकानात पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. नेहमीसारखी नितेशसमोर स्टुलावर पाठ करून बसली आणि बटवा मागे दिला. तो आकडा चाचपडायला लागला. चंदाने समोरच्या होल्डरच्या खोक्यांकडे बघत सांगून टाकलं की आज तिने केशवरावांच्या घरी सगळं सांगितलं. म्हणजे उद्या साखरपुड्याला वीस पाहुण्यांना कळेल आणि परवा राजापेठेला.

मागे हात थांबले. तिला वाटलं आता हा रागावेल, आणि त्याने रागवावं असंही वाटलं.

"म्हंजे चौदा वर्सं मी फुकटच इसरभोळा झालो म्हन," नितेश म्हणाला आणि पुन्हा आकड्याच्या मागे लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "लोकायचं सोड. पन आईले तूच सांग. मले नाई जमनार."

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. दिवेलागणीची वेळ होती, कोणाचा असणार ते दोघांनाही माहीत होतं. मंगळसूत्राची दोन टोकं अजून नितेशच्या हातात होती, त्यामुळे चंदाला मान हलवता येत नव्हती. तिने तशीच बसून हात लांब केला आणि फोन कानाला लावला.

"मेन पाडला का रे बापू?" पलीकडून म्हातारीने विचारलं.

"आई, मी चंदा बोलून राहिली," ती म्हणाली. "त्यायनं पाडला होता. त्या दिवशी त्यायनं मेन पाडला होता, आई."